इंजिनाचं हँडल

बाबा गेल्यावर त्यांच्या धानगिरणीचं जुनं इंजिन विकायला काढलं, तेव्हा गोंदियाहून एक म्हातारा पारखी आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

डोळे मिटून तो एकेक भाग अंगठ्यानं चाचपायचा आणि 'असली' म्हणायचा. हँडलपाशी अंगठा थांबला.

"हे नकली आहे. गंज सगळीकडं सारखा, म्हणजे ॲसिडचा. असली हँडल हात पडते त्याच बाजूनं घासते. तुमच्यावालं कुठी आहे?"

"झिजलं होतं. विकताना बरं दिसावं म्हणून हे जुन्यासारखं केलेलं बसवलं, आधीचं भंगारात दिलं."

"फिरवत कोण होतं?"

"बाबा. चाळीस वर्षं."

"मंग बाबाचा हातच भंगारात देल्ला तुम्ही."

एवढं बोलून त्यानं हात धुवायला पाणी मागितलं.