मामांचं मशीन आणि मामीचं पुस्तक

आमची मामी मोठमोठ्या विषयांची छोटी पुस्तकं करते. काळ म्हणजे काय, भाषा कशा जन्मतात, वाळवंटातली माणसं घरं कशी बांधतात, काहीही. लिहिणारे प्राध्यापक, छापणारा प्रकाशक आणि मधे कात्री घेऊन मामी. ज्याला विषयातलं ओ की ठो कळत नाही, त्यानंसुद्धा पुस्तक खाली ठेवता कामा नये, हा तिचा हट्ट.

खरी कात्री मामांची. मामा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांच्या मशीनसमोर बसून मामी प्रत्येक हस्तलिखित मोठ्यानं वाचते. मामा हातानं काजं करत ऐकतात. कंटाळा आला की त्यांचा पाय आपोआप पॅडलवर जातो आणि मशीन खडखडू लागतं. मशीन सुरू झालं की ते पान गेलंच. एका नामांकित विद्वानांचं अख्खं प्रकरण असं एका विजारीपायी गेलं. ते तणतणत आले, तेव्हा मामीनं त्यांना चहा दिला, पान दिलं नाही.

गेल्या वर्षी मामीनं स्वतःच पुस्तक लिहिलं. जगभरची माणसं नाती कशी मोजतात, यावर. कुठे आईला आणि मावशीला एकच शब्द, तर कुठे थोरल्या-धाकट्या भावाला वेगळे. कापले गेलेले सगळे विद्वान टपून बसले होते. हे पुस्तक पडलं असतं, तर दुसऱ्याच्या पानाला हात लावायला मामीला तोंड उरलं नसतं.

वाचन झालं. मशीन एकदाही वाजलं नाही. मी पेढे मागितले, पण मामीचा चेहरा काही खुलेना. एकही रटाळ पान नसलेलं पुस्तक अजून जन्माला यायचंय, म्हणाली. मग तिनं मामांच्या मांडीवरचा शर्ट उचलला. दोन्ही पट्ट्यांवर वरपासून खालपर्यंत काजंच काजं. बटण लावायला जागाच नाही.

"अहो, हे काय?"

मामांनी मान खाली घातली. "तुझं पुस्तक गं. त्यावर मशीन कसं चालवू?"

मला मामांची दया आली. मामीला आली नाही.

"विकत घेणारा माझा नवरा नसतो," ती म्हणाली. "पाय पॅडलवर ठेवा आणि परत ऐका."

'मनुष्य हा समाजशील प्राणी आहे' हे पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत मशीन खडखडलं. मामीनं पान उभं फाडलं. त्या आठवड्यात मामांची तुंबलेली सगळी शिवणं उरकली आणि पुस्तक निम्मं झालं.

मग तिनं ते नव्यानं लिहिलं. आता ते एका मुलीपासून सुरू होतं, जी मावशीलाही आईच म्हणते आणि शाळेत तिला विचारतात, तुझी खरी आई कोणती. वाचता वाचता मामी पाणी प्यायला थांबली. मामांच्या हातातली सुई तशीच थांबलेली होती.

"पुढे?" मामा म्हणाले. "काय सांगितलं तिनं?"

मामीनं पेला तसाच खाली ठेवला आणि पान उलटलं.