लाल फुलीची गाडी

सांडोरला आमच्या केळीच्या वाडीत एक जुना ट्रक उभा होता. मागे पत्र्याची बंद पेटी आणि आत दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या. आजोबांनी तो लढाईनंतर लिलावात घेतला, एवढंच आम्हाला ठाऊक. भाजी, केळी वसईच्या बाजारात त्यातूनच जात. मी तान्ही असताना आई वाडीत खुरपायला बसली की माझी झोळी त्या कड्यांना बांधी.

गेल्या वर्षी दादाने ट्रक भंगारात द्यायचं ठरवलं. त्याच्या ओळखीचे एक निवृत्त मेजर जुन्या लष्करी गाड्या जमवतात. भंगारवाल्याआधी त्यांनी एकदा बघावा म्हणून त्यांना बोलावलं. समोरची काच वरून पुढे झुकलेली बघताच ते म्हणाले, गाडी लष्करीच. अशा तिरक्या काचेवर ऊन चमकत नसे, त्यामुळे गाडी विमानातून दिसत नसे. मग त्यांनी मडगार्डचा रंग खरवडला. निळ्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा चौकोन आणि त्यात काळं मांजर. ही दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेल्या एका लष्करी तुकडीची खूण, असं त्यांनी सांगितलं. दादा हसत होता. मलाही गंमत वाटत होती.

पेटीच्या बाजूचा रंग निघाला तेव्हा पांढऱ्या गोलात लाल फुली दिसली. मेजर आत चढले, पाठोपाठ मीही. ते कड्यांवरून हात फिरवत राहिले.

"इथे जखमींचे स्ट्रेचर लागायचे, एकावर एक," ते हळू आवाजात म्हणाले. "वरच्याचं रक्त खालच्याच्या अंगावर गळायचं. बरेचसे वाटेतच जायचे."

मी खाली उतरले आणि बांधावर बसून राहिले. आई दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती घरात निघून गेली. त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही.

रविवारी ती मला घेऊन चर्चमध्ये गेली आणि मृतांसाठी मिस्सा, म्हणजे खास प्रार्थना, सांगितली. फादरांनी नावं विचारली.

"नावं ठाऊक नाहीत, फादर," आई म्हणाली. "आमच्या गाडीतली माणसं."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी आईनेच त्यांना बाकावर बसवून सगळी हकिकत सांगितली.

दादाने भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलं. ट्रक मेजरांनी नेला. त्यांनी फुली पुन्हा रंगवून घेतली आहे म्हणे. ते बघायला बोलावतात, दादा जाऊनही आला. माझं पाऊल अजून तिकडे वळलेलं नाही.