भाऊजींची चाळणी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, शब्दांच्या बाबतीत पक्के चिक्कू. फोन उचलला की 'हॅलो'सुद्धा नाही, थेट 'बोल'. सुरुवातीला मला वाटायचं, माणूस शिष्ट आहे. तसं काही नव्हतं. मुद्दा सोडून बाकी सगळं गळून गेलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

धंदाही तसलाच निवडलेला. औषधांच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस. तिथे बसून कंपन्यांना इंटरनेटवरची माहिती वेचून द्यायची. कुणाला कागदाच्या बाजाराची, कुणाला पाण्याच्या पंपांची. त्यासाठी भाऊजींनी स्वतः एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. त्याचं नाव चाळणी. तिला एखाद्या वेबसाइटचा पत्ता दिला की ती एकेक पान उघडायची, जाहिराती, 'हेही वाचा' आणि तळाच्या वाचकांच्या कमेंटी झटकून टाकायची आणि नुसता लेख सेव्ह करून ठेवायची. नव्या साइटवर मात्र तिला आधी शिकवावं लागे. पानावरचा एक तुकडा माउसने निवडून 'कामाचं' या खान्यात टाकायचा आणि दुसरा 'बिनकामाचं' या खान्यात. तेवढ्या नमुन्यांवरून बाकीचं तिला कळायचं. ही भाषा भाऊजींच्या तोंडात इतकी बसली होती की ताईने जरा लांबण लावली की ते म्हणायचे, "कामाचं तेवढं सांग."

ताई हसायची. माझं डोकं फिरायचं, पण नवरा तिचा, मी कोण बोलणार?

घरात दोघंच. संध्याकाळी ते बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून कॉम्प्युटरवर आणि ही स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंड्यांपाशी. मधलं दार उघडंच असायचं, पण त्यातून ये-जा फक्त चहाच्या कपांची. ताईला एका वेबसाइटचा नाद लागला होता. कुणी एक निवृत्त बाई कुंडीतल्या झाडांवर लिहायच्या, आणि त्यांच्या प्रत्येक लेखाखाली ताई 'कुंडीवाली' या नावाने काहीबाही लिहायची. मला फोनवर वाचून दाखवायची. नवऱ्याला तिने ते कधी सांगितलं नाही.

मग एक दिवस त्या बाईंनी जाहीर केलं की आता होत नाही, साइट बंद करते. ताई हिरमुसली. "ते सगळं ठेवून द्या ना माझ्यासाठी," असं तिने भाऊजींना म्हटलं. बायकोने आपल्या चाळणीचं काम सांगितलंय म्हटल्यावर स्वारी खूश! अख्खी साइट चाळून काढली आणि मी गेले होते त्या रविवारी तिच्यापुढे लॅपटॉप ठेवला. "घे. सगळं साफ करून दिलंय."

ताईने एक लेख उघडला. खाली खाली सरकवत गेली आणि मजकूर संपला तिथे थांबली. दुसरा उघडला, तिसरा उघडला.

"छान झालंय," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

मी तिच्यामागोमाग आत गेले. "काय गं?"

"माझं नाही आलं त्यात," ती हळूच म्हणाली. "जाऊ दे. एवढी मेहनत केलीये त्यांनी. काही बोलू नकोस हं."

साइट बंद झाली. पुढच्या वर्षी ताईच गेली. सकाळी चक्कर आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर मी रविवारी तिथे जायला लागले. घर चकाचक असायचं आणि त्या चकाचक घरात भाऊजी वाट चुकल्यासारखे बसलेले असायचे. कुंड्या एकेक करून वाळल्या. पाणी किती घालायचं ते त्यांना माहीत नव्हतं. एका रविवारी ताईचा फोन हातात धरून बसले होते.

"हिचे मला आलेले सगळे मेसेज वाचले," म्हणाले. "'येताना दूध.' 'पोचलात का?' 'बरं.' बस, संपलं. हिने कधी काही लिहिलंच नाही का गं कुठे? तिचं असं काहीतरी बोललेलं... मला आठवायला गेलं की काही आठवतच नाही."

आता मात्र माझा तोल सुटला. "लिहायची की! रोज लिहायची. त्या कुंड्यांच्या साइटवर, कुंडीवाली म्हणून. तुमच्या चाळणीने फेकून दिलं ते."

त्यांचा चेहरा पाहून वाटलं, जीभ हासडून टाकावी. पण तोंडातून गेलेलं परत कुठे येतं?

मग माणूस हात धुऊन मागे लागला. त्या बाईंना मेल केला, तो परत आला. इंटरनेटवरची जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या जागा असतात, त्या सगळ्या पालथ्या घातल्या. तिथे साइटचं फक्त पहिलं पान सापडलं. कुंडीवाली कुठेच नाही. ताईचं एक तरी वाक्य मिळावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. खाण्यापिण्याची शुद्ध राहिली नव्हती. त्यांच्या ऑफिसातली मुलगी मला फोन करून विचारायची, "साहेब बरे आहेत ना?"

एका दुपारी त्यांचा फोन आला. "हॅलो," म्हणाले. मी चपापलेच. "येतेस का जरा?"

गेले. ताईची स्वयंपाकघरातली खुर्ची कॉम्प्युटरशेजारी आणून ठेवली होती. मला तिच्यावर बसवलं.

"मी लेखच धुंडाळत होतो," ते म्हणाले. "नमुने बघायचं डोक्यातच आलं नाही. शिकवताना दिलेले नमुने चाळणी टाकत नाही."

पडद्यावर दोन खाने होते. 'कामाचं' या खान्यात बाईंच्या लेखातला खतावरचा एक परिच्छेद. 'बिनकामाचं' या खान्यात भाऊजींनी स्वतःच्या हाताने, न वाचता टाकलेला तुकडा:

'कुंडीवाली: लेख आवडला. आमच्या मिरचीच्या रोपाला आज पहिलं फूल आलं. घरात सांगितलं तर "हं" म्हणाले. म्हणून इथे सांगते.'

मी पुन्हा वाचलं. ताईचा आवाजच आला कानात. इतकी वर्षं मी या माणसाला सुनावायचं ठरवून होते, आणि आता सुनावण्यासारखं सगळं पडद्यावरच होतं. मला नुसतं रडू आलं.

भाऊजींनी माउस हातात घेतला, तो तुकडा उचलला आणि 'कामाचं' या खान्यात नेऊन सोडला.

"अहो, आता ती जगातला सगळा कचरा गोळा करून आणेल," मी नाक पुसत म्हटलं.

"आणू दे."

मग ते खुर्चीतच मागे वळले. मधल्या दारातून स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या रिकाम्या कुंड्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "मिरच्या लागल्या का गं पुढे त्याला?"

"लागल्या ना. सगळा उन्हाळा तुमच्याच ताटात होत्या."

"हं," भाऊजी म्हणाले, आणि लगेच त्यांनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला.