नांदेडच्या वाटेवर बंद पडलेला एसी

आमच्या गाडीचा एसी बिघडला त्या उन्हाळ्यात आबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नांदेडला न्यावं लागत होतं. आबा म्हणजे माझे वडील. शिरड शहापूरहून वसमत आणि वसमतहून नांदेड असा आमचा रस्ता. एरवी चुलतभाऊ न्यायचा, पण मे महिन्यात मी शिकवते त्या शाळेला सुट्टी असल्यामुळे गाडी माझ्याकडे आली होती. गाडीही पुण्याच्या भावाची जुनी. त्यानं नवी घेतली तेव्हा ही आमच्या दारात येऊन उभी राहिली. बॉनेटचा रंग उडालेला, मागची एक काच हातानं ढकलून वर करावी लागायची, पण इंजिन ठणठणीत होतं.

आबांची सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून गेली. मांडीशेजारी तापलेलं इंजिन घेऊन त्यांनी उन्हाळेच्या उन्हाळे काढलेले. एसीच्या गाडीत बसणाऱ्यांना ते ‘फ्रिजमधली माणसं’ म्हणायचे. पण किडन्या निकामी झाल्यावर डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं. दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून ठेवायचं आणि तेवढंच प्यायचं. जास्त प्यायलं की ते अंगात साठतं, पाय सुजतात, दम लागतो. आणि ऊन लागलं की तहान लागणारच. एसी आमच्यासाठी चैनीची गोष्ट राहिली नव्हती.

त्या दिवशी वसमतच्या मोंढ्याजवळ बाजारात आलेल्या हळदीच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. आम्ही मधेच अडकलो आणि थोड्या वेळानं एसीतून गरम वारं यायला लागलं. मी बटणं फिरवून पाहिली. काही फरक नाही. काच खाली केली तर हळदीची धूळ आत आली आणि आबांना खोकला सुटला. परत काच वर केली.

“पाणी दे गं जरासं,” मागच्या सीटवरून आबा म्हणाले.

आईनं डब्यात बर्फाचे बारके खडे दिले होते. त्यातला एक मी त्यांच्या हातावर ठेवला. तो विरघळला तसा त्यांनी परत हात पुढे केला.

“न्हाई आबा. नांदेडला पोचल्यावर.”

ते तोंड फिरवून बाहेर बघत बसले.

दुसऱ्याच दिवशी गाडी वसमतला एका गॅरेजवाल्याकडे नेली. आबा हट्टानं सोबत आले. डेपोत आयुष्य गेल्यामुळे कुठलाही मिस्त्री आपल्याला फसवू शकत नाही, अशी त्यांची खात्री होती. मिस्त्री चांगला आडदांड, मोठ्यानं बोलणारा माणूस. त्यानं बॉनेट उघडलं, पाइपला हात लावला आणि लगेच निकाल दिला.

“गॅस कमी झाला मॅडम. दुसरं काई न्हाई.”

“कंप्रेसर गेला असल,” आबा म्हणाले.

“चाचा, कंप्रेसर एकदम बराबर आहे. आवाज ऐका की.”

“आवाजावरून काय सांगतो? आमच्या डेपोत...”

“डेपोच्या गाडीला एसी होता का चाचा?”

आबा खुर्चीत जाऊन बसले. मी औषधाच्या दुकानात जाऊन आले तोवर गॅस भरून झाला होता. एसी थंडगार. आबांचा चेहराही बराच खुललेला दिसला.

तो का खुलला होता ते पुढच्या फेरीत नांदेडला कळलं. डायलिसिसच्या आधी वजन करतात, त्यावरून अंगात किती पाणी साठलंय ते समजतं. सिस्टरनी काटा बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

“बाबा, पाणी कुठं पिलात?”

आबा छताकडे बघत होते. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, “गॅरेजात जार होता. तू औषधाला गेली तवा दोन गिलास पिलो. लई गार होतं.”

सिस्टर त्यांना रागावल्या. मीही रागावले असते, पण ‘लई गार होतं’ हे त्यांनी ज्या समाधानानं सांगितलं त्यानं माझा राग ओसरला. त्या दिवशी मशीनवर त्यांना खूप त्रास झाला. पायात गोळे येत होते आणि मी शेजारी बसून पोटऱ्या चोळत होते.

आठवडा उलटला आणि एसी परत गरम व्हायला लागला. मी मिस्त्रीकडे गेले ती रागातच. आबाही सोबत होते. गॅसचं बोलायच्या आधी मी त्याला पाण्याचंच सुनावलं.

तो हातातला पाना खाली ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, मला काय ठाऊक? म्हातारा माणूस पाणी मागून राहिला, तर न्हाई कसं म्हणणार?”

त्याच्या जागी मी असते तरी पाणी दिलंच असतं. तो पुढे म्हणाला, “गॅसची मात्र चूक माझी. लीक बघायला पायजे होतं, मी नुसता भरून दिला. आता डॅशबोर्ड खोलावा लागंल.”

त्यानं गाडीचा पुढचा सगळा भाग उघडला. स्टिअरिंगच्या बाजूनं वायरींचे गुंते लोंबायला लागले. आत थंड हवा तयार करणारी कॉइल तेलकट, हिरवट झालेली होती. तिथूनच गॅस गळत होता. शिवाय पंख्याच्या तोंडाशी उंदरानं घर केलं होतं. कापसाचे पुंजके, गोधडीचे धागे, तुरीची टरफलं. ते बघून आबा हसायला लागले. “हा काय, फुकट राहून राहिला आपल्या गाडीत!”

कॉइल बाहेरून मागवावी लागणार होती. “परवा संध्याकाळपर्यंत गाडी तयार,” असं मिस्त्रीनं छातीला हात लावून सांगितलं. परवा संध्याकाळी मी फोन केला तर पार्सल आलेलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी डायलिसिस. चुलतभाऊ लग्नाला बाहेरगावी, ओळखीची जीप वऱ्हाड घेऊन गेलेली.

“एसटी हाय की,” आबा म्हणाले. “आपल्याला काय नवी हाय का एसटी?”

मला धास्ती वाटत होती. उन्हात बस म्हणजे भट्टी, आणि आबा पाणी पाणी करणार. आईनं ओला पंचा दिला, बर्फाचा डबा दिला. आम्ही सकाळच्या बसला उभे राहिलो. आबा चढता चढता ड्रायव्हरला म्हणाले, “म्या बी ड्रायव्हरच होतो.” पोरगा माझ्या भावापेक्षा लहान असेल. त्यानं लगेच आपल्या पाठीमागच्या सीटवरचं पोतं उचलायला लावलं. “बसा काका, हितं बसा. समोरचं समदं दिसतंय.”

बस निघाली. आबा पुढच्या दांडीला धरून, ओणवे होऊन रस्ता बघत होते. गिअर पडला की त्यांचा डावा हात जरासा हलायचा. वसमत सुटलं. समोरून येणाऱ्या ट्रकला ड्रायव्हरनं वाट दिली तेव्हा आबांनी मान डोलावली. मधेच म्हणाले, “पुढं खड्डा हाय, डावीकडं घे.” ड्रायव्हर म्हणाला, “ठाऊक हाय काका,” आणि घेतलीही डावीकडे. मी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन तयारीत बसले होते. खिडकीतून वाफा येत होत्या, माझा स्वतःचा घसा कोरडा पडला होता. नांदेडचं स्टँड आलं तरी आबांनी पाणी मागितलं नव्हतं. डबा उघडला तर आत नुसतं कोमट पाणी.

येताना मात्र त्यांच्या अंगात त्राण नव्हतं. माझ्या खांद्यावर डोकं टाकून ते घरापर्यंत डोळे मिटून पडून होते. मी ठरवलं, पुन्हा बसनं आणायचं नाही. पण जातानाचा प्रवास माझ्या मनातून जात नव्हता. आमच्या गाडीपेक्षा किती तरी जास्त ऊन त्यांनी सोसलं होतं. फरक एवढाच की बसमध्ये त्यांचं लक्ष रस्त्यावर होतं. गाडीत मी त्यांना मागच्या सीटवर उशी देऊन झोपवायचे, आणि तिथे त्यांना तहानेशिवाय दुसरं काही नव्हतं.

गाडी त्यानंतर दोन दिवसांनी मिळाली. मिस्त्रीनं एसी लावून दाखवला आणि आबांना हात पुढे करायला सांगितलं. “बगा चाचा, आता गळणार न्हाई.” पाण्याचा जार त्यानं आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता. आबांची नजर जुन्या जागी गेली आणि परत आली. “चाचा, पाणी सोडून काय बी मागा,” मिस्त्री म्हणाला. आबांनी त्याच्याकडे तंबाखू मागितली. तीही मी मिळू दिली नाही.

पुढच्या फेरीला मी आबांना पुढे, माझ्या शेजारी बसवलं. पट्टा लावताना ते कुरकुरले, पण बसले. गाडी गार झाली. ट्रॅक्टरांच्या मागे लागलो तेव्हा मी मुद्दामच विचारलं, “आबा, काढू का पुढं?”

त्यांनी मान लांब करून बघितलं. “थांब. वळण हाय.” वळण गेलं. “आता काढ. आधी हारन दे. हां, असं.”

नांदेडला पोचेपर्यंत त्यांनी दोनदाच बर्फ मागितला, आणि एकदा माझ्या ब्रेक दाबण्याला नावं ठेवली. वजन त्या दिवशी बेतात निघालं. सिस्टरनी मला काय केलं म्हणून विचारलं, तर मी एसी दुरुस्त केला एवढंच सांगितलं.

शाळा सुरू झाल्यावर गाडी परत चुलतभावाकडे गेली. त्याचा पहिल्याच फेरीनंतर फोन आला. “ताई, आबा लई बोलून राहिले गाडी चालवताना. मागं बसवू का?”

“न्हाई,” मी म्हटलं. “पुढंच बसव. आणि ते सांगतील तसं चालव.”