हयातीचा दाखला आणि दीडशे मिली दूध

मीटरकाकांनी चौतीस वर्षं घरोघरी जाऊन विजेच्या मीटरवरचे आकडे टिपले. कुठल्या घरातलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच चावतं, कोणाचा मीटर जिन्याखाली आहे आणि कोणाचा न्हाणीघराच्या दारामागे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पायाला भिंगरी लागलेला माणूस. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात म्हटलं, "आता आराम करा." काका मनात म्हणाले, आराम कसला, आता तर खरं चालायचं. तीन जुने सोबती मिळून नदीच्या काठाकाठानं दहा दिवस उगमापर्यंत जायचं ठरलं होतं. बूटही घेऊन झाले होते.

मग मुलीला मुलगी झाली. जावई जहाजावर, आठ-आठ महिने बाहेर. काकू जाऊन सात वर्षं झालेली. बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा मुलीला एक औषध सुरू करावं लागलं. हे घेताना अंगावरचं दूध द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यातच रजा संपली. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिथं तिच्यावाचून अडत होतं. पाळणाघरवालीनं तर हातच वर केले. "सहा महिन्यांखालचं मूल आम्ही घेत नाही हो."

मुलगी जेवणाच्या ताटावर बसून रडायला लागली, तेव्हा काका म्हणून गेले, "अगं, मी आहे ना!"

म्हणायला काय जातं! पुढच्या सोमवारपासून काकांचा दिवस तीन-तीन तासांत कापला गेला. सहा, नऊ, बारा, तीन, सहा. बाटल्या उकळा, बोंडली उकळा, पाणी उकळा. आधी पाणी, मग पावडर, चमचा सपाट, दाबून भरायचा नाही. पिऊन झालं की ढेकर काढा. ढेकर आला की लंगोट. लंगोट झाला की डोळ्याला डोळा लागतो न लागतो तोच पुढची बाटली. नातीचं नाव काकांनी 'बाईसाहेब' ठेवलं होतं, कारण चौतीस वर्षांत एकाही साहेबानं त्यांना इतकं पळवलं नव्हतं.

बाहेर पडायचं तर आणखी तयारी. फ्लास्कमध्ये उकळतं पाणी, कप्प्याकप्प्यांच्या डबीत घरूनच मोजून भरलेली पावडर, रिकामी स्वच्छ बाटली, लाळेरी, दुपटं. मिसळून न्यायचं नाही, आयत्या वेळी मिसळायचं, असं मुलीनं बजावलेलं. या पसाऱ्यामुळे काकांचं जाणं-येणं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आलं. सोबती उगमाला जाऊन आले. त्यांनी फोटो पाठवले, काकांनी अंगठा पाठवला. कोणी भेटून विचारलं, "काय, नातीबरोबर मजा ना?" तर काका म्हणायचे, "मजाच मजा!" आणि आतून घुसमट व्हायची. कोणी कोंडून ठेवलं नव्हतं, हेच तर वाईट होतं. कुलूप असतं तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती.

अशात निवृत्तिवेतनाच्या कचेरीतून पत्र आलं. महिनाअखेरीपर्यंत स्वतः हजर राहून हयातीचा दाखला द्यावा. म्हणजे, तुम्ही जिवंत आहात हे तुम्हीच येऊन सांगा. मुलीला सुट्टी मिळेना, म्हणून काका नऊची बाटली पाजून निघाले. पुढे झोळीत बाईसाहेब, मागे पाठीवर पिशवी.

कचेरी चौथ्या मजल्यावर. टोकन मिळालं चौऱ्याऐंशी, खिडकीवर चालू होता एकावन्न. काकांनी हिशेब केला, बाराच्या आत काम होईल. पण म्हातारी माणसं, झिजलेली बोटं. यंत्रावर अंगठा उमटेना. एकेका आजोबांना पाच-पाचदा पुसून दाबायला लावत होते. पावणेबाराला आकडा बहात्तर, आणि बाईसाहेबांनी झोळीत तोंड वेंगाडलं. आधी कुरकुर, मग हुंदके, मग भोंगा. रांगेतल्या लोकांच्या सल्ल्यांना ऊत आला. "पोटात दुखतंय." "गरम होतंय तिला." "काका, आईकडे द्या हो!"

कोपऱ्यात एका दारावर पाटी होती, 'बाळाला पाजण्याची खोली'. काका तिकडे वळले तर दारातल्या रखवालदारीण बाईंनी हात आडवा घातला.

"फक्त बायकांसाठी आहे, काका."

"पण मला बाळालाच पाजायचंय."

"आत बायका असतात."

"आत्ता आहे का कोणी?"

"आत्ता कोणी नाही. पण नियम आहे ना." मग त्यांना दया आली असावी. "त्या दारातून जिन्यात जा की. तिथं शांत आहे, कोणी येत नाही."

काका जिन्यात गेले. मागे दार खट्‌कन बंद झालं. खांद्यावरची पिशवी उतरवून ते वळले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दाराला या बाजूनं मूठच नाही. नुसता गुळगुळीत पत्रा.

त्यांनी ढकललं. थापा मारल्या. हाका मारल्या. पलीकडे टोकनची घंटा टिंग-टिंग वाजत होती आणि लोकांचा कालवा. या बाजूला बाळाचा आवाज चार मजले घुमत होता. फोन काढला, तर सिग्नलची एक रेघ उमटेना. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

खाली रस्त्यावर उघडणारं दार असणार. झोळीत हात-पाय झाडणारं बाळ घेऊन अंधाऱ्या पायऱ्या उतरायची त्यांना भीती वाटली. त्यांनी दुपटं अंथरलं, बाळाला भिंतीलगत, पायऱ्यांपासून लांब ठेवलं आणि ते धावतच खाली गेले. तळाला लोखंडी दार होतं, बाहेरून साखळी घातलेलं. फटीतून रस्ता दिसत होता. एक बाई छत्री दुरुस्त करून घेत होती. कोणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं. काकांनी दोनदा "अहो!" म्हटलं. कोणी वळलं नाही.

आता वर जायला हवं होतं. वर बाळ रडत होतं. पण काका हलले नाहीत. गार लोखंडाला कपाळ टेकून ते उभे राहिले. आपण कुठे आहोत हे जगात कोणालाच ठाऊक नाही, कोणी काही मागू शकत नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेता आला. ती वर रडत होती आणि ते खाली उभे होते. किती वेळ, ते त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही. मग रडणं मध्येच थांबलं. ती शांतता ऐकून काका असे काही वर पळाले की तिसऱ्या मजल्यावर गुडघा आपटला तरी कळलं नाही.

काही झालं नव्हतं. बाईसाहेबांनी तोंडात मूठ कोंबली होती. काकांना पाहून मूठ निघाली आणि पुन्हा सूर लागला.

"आलो, आलो. चुकलो, बाई, चुकलो," काका म्हणत राहिले. हातांवर जंतुनाशक चोळलं, बाटली पायरीवर ठेवली, गुडघ्यावर बसून फ्लास्कमधलं पाणी दीडशेच्या रेघेपर्यंत ओतलं. आकडा नीट पाहायचा तर डोळा त्याच्या बरोबरीला आणायचा, ही सवय जुनी. वाफ चष्म्यावर आली. डबीचा कप्पा उघडताना मात्र झाकणाला हिसका बसला आणि निम्मी पावडर पायरीवर सांडली. उरलेली किती, दोन चमचे की तीन, कसं सांगणार? अंदाजानं पाजायचं नाही. काकांनी उरलेलीही बाजूला टाकली आणि तीन वाजताचा कप्पा उघडला. डबीत दोनच कप्पे भरलेले होते. आता हे सांडलं तर संपलं.

ते सांडलं नाही. झाकण लावून बाटली घोळवली. पण दूध चटका बसेल इतकं गरम, आणि जिन्यात नळ कुठला? काकांनी स्वतःच्या डब्यातला पाव कागदावर काढला, डब्यात प्यायचं गार पाणी ओतलं आणि त्यात बाटली उभी केली. बाळाला खांद्यावर टाकून त्या चौकोनात येरझारा घातल्या. चार पावलं पुढे, चार मागे. मनगटावर थेंब टाकला. गरम. पुन्हा येरझारा. पुन्हा थेंब. अजून गरम. भुकेल्या मुलासमोर दूध गार व्हायची वाट पाहण्यासारखी शिक्षा नाही. तिसऱ्या थेंबाला जमलं. काका भिंतीला टेकून खाली बसले, बोंडलं तोंडात गेलं आणि सगळा जिना एकदम गप्प झाला.

निम्मी बाटली झाली असेल, तेवढ्यात दार उघडलं. खांद्याला पिशवी लावलेली एक तरुण बाई आत येत होती.

"अगं बाई!" ती दचकली.

"दार! दार सोडू नका!" काका ओरडलेच.

"नाही सोडत." तिनं पायानं दार अडवलं आणि हातातला पुठ्ठ्याचा घडी घातलेला तुकडा फटीत सरकवला. "मलाही एकदा या दारानं कोंडलंय. किती वेळ झाला?"

"बारा वाजल्यापासून."

"अहो, पाऊण वाजलाय!"

ती याच कचेरीत फायलींच्या विभागात होती. घरी पाच महिन्यांचं बाळ. रोज या वेळी इथं येऊन ती छोट्या यंत्रानं दूध काढून ठेवायची.

"पण ती खोली आहे ना?" काकांनी विचारलं.

"पाटी आहे. आत मोडक्या खुर्च्या आणि जुन्या फायली. मुंगीला शिरायला जागा नाही."

नियम मोडक्या खुर्च्यांसाठी होता, ते काकांना तेव्हा कळलं. ते उठायला लागले. "तुम्ही बसा, मी निघतो."

"बसा हो! तिचं होऊ दे. मी वर बसते, पाठ करून."

ती वरच्या वळणावर जाऊन बसली. यंत्राची बारीक घरघर सुरू झाली. थोड्या वेळानं वरूनच तिनं विचारलं, "हिची आई कामावर का?"

"हो."

"मग रोज तुम्हीच? जमतं तुम्हाला?"

'मजाच मजा' ओठांवर आलं होतं. पण ते बाहेर पडेना. काका म्हणाले, "नाही जमत."

वरून ती म्हणाली, "मलाही नाही."

एवढंच. दोघांनी आपापलं काम पुरं केलं.

काका बाहेर आले तेव्हा त्यांचा नंबर कधीच उलटून गेला होता. खिडकीवरचा कारकून डबा उघडत होता. "काका, तुम्ही हयात आहात, ते मला दिसतंय हो. पण टोकन गेलं. दोननंतर नवीन घ्या." तीनच्या बाटलीला पावडर नव्हती. काका घरी परतले.

संध्याकाळी मुलीनं चपला काढता काढता विचारलं, "झालं काम?" काकांनी सगळं सांगितलं. दाराला मूठ नव्हती इथपर्यंत ती हसत होती. मग काका म्हणाले, "मी तिला वर ठेवून खाली गेलो. आणि तिथंच उभा राहिलो. ती रडत होती तरी."

मुलीचं हसू मावळलं. "किती वेळ?"

"माहीत नाही. मला वर यावंसंच वाटेना. रोज नाही जमत गं मला, पोरी."

"मग तेव्हा कशाला म्हणालात, मी आहे ना?"

"तू रडत होतीस."

ती पलंगाच्या कडेला बसली. रागावली होती, पण राग कुठे टाकावा हे तिलाही सापडेना. "पाळणाघराला दीड महिना आहे अजून, बाबा. मी काय करू, तुम्हीच सांगा."

इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे पाळण्यात बाईसाहेब पायाचा अंगठा धरायला बघत होत्या.

दोन दिवस घरात मोजकंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी मुलीनं सांगितलं, तिनं रविवारची पाळी मागून घेतलीय, बदल्यात गुरुवार मोकळा. आजवर रविवारीही ती साठलेलं घरकाम उरकायची आणि बाळ काकांकडेच असायचं; आता रविवारी बाळ काकांकडे, गुरुवारी दिवसभर तिच्याकडे. सातातला एक दिवस सुटला, तोही तिच्या सुट्टीतून कापून. काकांना तो घेताना संकोच वाटला, पण त्यांनी घेतला. पहिल्या गुरुवारी अंगठा अकराव्यांदा उमटला आणि काका सरकारदरबारी जिवंत ठरले. बाकीचे सहा दिवस होते तसेच राहिले.

दीड महिन्यानं बाळाला पाळणाघरात घालायला दोघं मिळून गेले. बाईंनी एक अर्ज पुढे केला. मुलगी भरत गेली. शेवटच्या ओळीवर तिचा हात थांबला. 'मूल आजारी पडल्यास अर्ध्या तासात येऊ शकेल अशी घरची व्यक्ती.'

तिची प्रयोगशाळा तासाभराच्या अंतरावर होती. तिनं काकांकडे पाहिलं नाही. पेन मात्र टेबलावर तसंच धरून बसली.

काकांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि आपला फोन नंबर लिहिला, एकेक आकडा सुटा आणि ठळक.