पटले सरांची झुरळं

शिकवलेलं पोरं विसरतात, घडलेलं आम्ही मास्तर विसरत नाही. सडक अर्जुनीच्या ज्युनिअर कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवायचो, तेव्हा स्टाफरूममधले निम्मे किस्से एकट्या पटले सरांच्या झुरळांचे असायचे. पटले सर बायोलॉजीचे. कीटक नाकाने नाही, अंगाच्या बाजूच्या बारीक छिद्रांनी श्वास घेतात, हे ते इतक्या प्रेमाने सांगत, की पोरांना स्वतःच्या नाकाची लाज वाटावी.

*

प्रॅक्टिकलची झुरळं मिळायची हायवेवरच्या ढाब्यांतून. सर एकदा स्वतः मागायला गेले, तर मालक भडकला. आपल्या किचनमध्ये एकही झुरळ नाही, म्हणाला. कॉलेजसाठी हवीत म्हटल्यावर लगेच नरमला.

"पहले बोलना था ना मास्टरजी. छोटे दूँ, के बड़े?"

*

प्राचार्य आमचे इतिहासाचे. एकदा बरणीतली सगळी झुरळं गुदमरून मेली, कारण झाकणाला भोकंच नव्हती. मेश्राम, म्हणजे लॅबचा शिपाई, भोकं पाडत होता. प्राचार्यांनीच त्याला थांबवलं होतं.

"भोकं त्याइच्या अंगालेच हायेत ना? मंग झाकण कायले खराब करतेस?"

*

तोंडी परीक्षेत सरांनी एका पोरीला विचारलं, डोकं कापलं तरी झुरळ काही दिवस जगतं, ते कसं?

"सर, त्याले बारावी नसते ना."

सरांनी मार्क दिले.

*

सरांची नोकरी तेव्हा कच्ची होती. प्रॅक्टिकलला नागपूरहून येणारे एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, खूश झाले तरच पक्की होईल, असं प्राचार्यांनी बजावलेलं. जिवंत झुरळांचं हलतं पोट दाखवून श्वसन समजवायचं, असं सरांनी ठरवलं.

सकाळी लॅबमध्ये पाहतात तर ट्रेमध्ये झुरळं चकचकीत, आणि मेलेली! पाहुण्यांसमोर ढाब्याची तेलकट झुरळं कशी ठेवायची, म्हणून मेश्रामने त्यांना साबणाच्या पाण्याने आंघोळ घातली होती. छिद्रं बुजली, श्वास बंद. सरांचा चेहरा बघून मलाच रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात एक्स्टर्नल आले. हे काय, म्हणाले. छिद्रं बुजली की कीटक मरतो, त्याचं प्रात्यक्षिक आहे, असं सर कसेबसे बोलले. एक्स्टर्नल प्रसन्न झाले. प्राचार्यांना मात्र राहवलं नाही.

"प्रात्यक्षिक कायचं साहेब, तुमच्यासाठी आंघोळ घातली त्याइले. मी म्हटलं होतं, कोमट पाणी घ्या. थंडीनं मेले बिचारे."

पटले सरांनी डोळे मिटून घेतले. एक्स्टर्नलनी ट्रेमधलं एक चकचकीत झुरळ उचलून पाहिलं.

"प्राचार्य साहेब, या मास्तरले पक्कं करा. मी इतक्या कॉलेजात जातो, माझ्यासाठी कोणी टेबलसुद्धा पुसत नाही."