नळी फिरवली की निघते

मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढे चाळीस वर्षं मिरकरवाड्याच्या बंदरात लाँचींची इंजिनं उघडली. तेवढ्या शिदोरीवर हे लिहितोय. शुद्धलेखन तपासून देतो म्हणून मुलगा मागे लागलाय. त्याला सांगितलंय, कागदाला हात लावायचा नाही.

आमच्या घरात एक पिस्तूल होतं. तळहातात मावेल एवढं. एकच नळी, एकदा एकच बार, काळपट लाकडाची वाकडी मूठ आणि वर घोडा. माझा आजा कौलं वाहणाऱ्या गलबतावर तांडेल होता. वादळात वाट दाखवली म्हणून एका परक्या जहाजाच्या कप्तानाने ते दिलं, असं तो सांगायचा. आणखीही सांगायचा, "नळी फिरवली की निघते. दारू नि गोळी तिथून भरायची, तोंडातून नाय."

वाडी हसायची. दारू तोंडातून ठासतात हे डुकराच्या शिकारीला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. बरं, आज्याने चारचौघांत फिरवून दाखवायला घेतली तर नळी हलेना. मग काय, बाजारात दिसला की, देवळात दिसला की, "काय तांडेल, फिरली काय नळी?" तो गेला तेव्हा तिरडी बांधता बांधता सुद्धा एकाने हे विचारलं. चार माणसं हसली. ते हसू माझ्या कानात आजही आहे.

दोन वर्षांपूर्वी मुलाला त्या वस्तूची भीती बसली. तो कचेरीत कारकून, त्याला प्रत्येक गोष्टीचा कागद लागतो. त्याने मुंबईहून जुन्या वस्तूंचा एक जाणकार आणला. जाणकाराने पिस्तूल रुमालात धरलं, कारण ते तेलकट होतं.

"दारू ठासायचा गज नाही, गज ठेवायला जागा नाही," तो म्हणाला. "चापसुद्धा नाही. म्हणजे उडवणार कसं? नळी आणि खालचा भाग एकसंध ओतलाय. शोभेची वस्तू आहे, काका. खेळणं."

"आणि नळीच्या तोंडात आतून या चार खाचा कशाला?" मी विचारलं.

"नक्षी असेल."

तो गेल्यावर मुलगा खूष. "सुटलो, बाबा. आता राहू दे घरात."

"खेळणं म्हणून?"

"खेळणं ठरलं तरच राहील ना! खरं निघालं तर मी पोलीस ठाण्यात जमा करायला लावणार. तुम्हीच ठरवा काय पाहिजे ते."

नळी उघडून बघायची हे मी खाचा बघितल्या त्याच वेळी ठरवलं होतं. भोकाच्या आत नक्षी कोण कोरतो? बघणार कोण ती, गोळी? आत खाच असली की तिथे चावी बसते, हे मला चौथीच्या मास्तरांनी नाही, इंजिनाने शिकवलंय.

सकाळी पडवीत बसलो. आधी नळीत तार घालून आत काही नाही ना ते बघितलं. मग पितळेचा तुकडा घासत बसलो, चार दातांची चावी होईपर्यंत. पिस्तूल दोन दिवस डिझेलात बुडवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी डिझेल लाल झालं.

गंज म्हणावा तर गंज नव्हता. कुंकू होतं. आम्ही दर दसऱ्याला माझे पाने, कोयते आणि हे पिस्तूल पाटावर मांडतो. खोबरेल चोपडायचं, हळदकुंकू वाहायचं, अक्षता टाकायच्या. आज्यापासून चालू आहे. ते सगळं सांध्यात जाऊन दगडासारखं बसलं होतं. आज्याची नळी आम्ही घरच्यांनीच, हात जोडून, बसवून टाकली होती. त्यातले निम्मे दसरे तर माझेच.

चावी घातली आणि पिळली. एकदा कट् झालं. मग नळी फिरायला लागली, आणि फिरत फिरत हातात आली. आतले आटे इतके बारीक नि स्वच्छ की मीसुद्धा कधी पाडले नसते. आट्यांखाली ठोकलेला बारकासा मुकुटाचा छाप. घोडा मागे ओढला तर पोटातून चाप टपकन बाहेर पडला. दडवलेला होता लबाड.

बायको म्हणाली, "अहो, फिरवा परत नि ठेवा पाटावर. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना!"

"मग ते जाईल हो घरातून."

"जाऊ दे. खेळणं होऊन राहायचं नाय त्याने माझ्या घरात."

ठाण्यातला हवालदार हसतच म्हणाला, "काय आणलंत, आजोबा? जत्रेतलं काय?" मी चावी घातली, नळी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने आतल्या दोघांना हाक मारली. "या रे, बघा! फिरते की ही!"

माझ्या आज्याला हे कुणी म्हणालं नव्हतं.

पावतीवर तो 'जुनी वस्तू, एक' लिहायला निघाला. मी खुर्चीवरून उठलो नाही. तो वैतागला, चहा मागवला, शेवटी मी सांगितलं तसंच लिहिलं: 'पिस्तूल, एकनळी, नळी फिरवून निघणारी.' वर शिक्का.

त्या वर्षी दसऱ्याला पाटावर पान्यांच्या शेजारी ती पावती होती. तेल नाही, कुंकू नाही, नुसतं झेंडूचं फूल. सोनं द्यायला वाडीतला जो जो आला, त्याला आधी ती मोठ्याने वाचायला लावली. तिरडीपाशी ते विचारणाऱ्याचा नातूही आला होता. त्याला दोनदा वाचायला लावली.